पुराचं पाणी आणि हजार जणांचा ग्रुप

पावसाळ्यात कोल्हापुरात पंचगंगा नदी चढायला लागली की आमच्या पेठेच्या ग्रुपवर एकच प्रश्न, राजाराम बंधाऱ्यावर किती फूट झालं? 39 ला इशारा, 43 ला धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतंय. पण मागं एकदा "43 झालं" हा मेसेज मला चार तासांनी दिसला, कारण त्याच्यावर दोनशे मेसेज येऊन पडलेले, कुणी 2019 च्या पुराचा जुना व्हिडिओ टाकलेला, कुणी दूध मिळतंय का विचारतंय, आणि बाकी सगळे हात जोडलेले.

यात कुणाची चूक नाही, हिशोबच तसा आहे. ग्रुपात 10 जण असले तर एकमेकांशी बोलणाऱ्यांच्या जोड्या होतात 45. 50 जण झाले की 1225. व्हॉट्सॲप ग्रुपात 1024 जण बसतात, तिथं जोड्या होतात 5,23,776! माणसं शंभरपट वाढली आणि जोड्या अकरा हजारपटीच्या वर गेल्या, मग कामाचा मेसेज बुडणारच की.

म्हणून पाण्याचा आकडा सांगायला व्हॉट्सॲप चॅनेल बरं, तिथं चालवणारा लिहितो आणि बाकीचे वाचतात, नाहीतर फक्त ॲडमिन लिहील असा ग्रुप. ब्रॉडकास्ट लिस्ट पण आहे, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकाला वेगळा जातो, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच ती पोचते, हे लई जणांना माहीतच नसतं. बोट कुठल्या गल्लीत आधी न्यायची हे मात्र तिथं ठरत नाही, त्याला सहा-सात जणांचा ग्रुप पाहिजे, आणि घाई असली तर सरळ फोन.

मला सगळ्यात भारी वाटतं ते सेल ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळे मोबाइल एकदम जोरात वाजतात ते. एसएमएस प्रत्येक नंबरला वेगळा पाठवावा लागतो, हजारो झाले की नेटवर्क तुंबतं. इथं टॉवर एकदाच बोलतो, रेडिओसारखा, आणि त्याच्या टप्प्यातले चालू फोन ऐकतात. नंबर नको, इंटरनेट नको, अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या पाहुण्यालाही कळतं. फक्त उलट विचारता येत नाही, "आमच्या आजीला कोण उचलणार?" याला तिथं उत्तर नाही.

आणि टॉवरच बंद पडला, चार्जिंग संपलं, तर? जुनी माणसं शिवाजी पुलाकडं बघून "मच्छिंद्री झाली" म्हणायची, म्हणजे पाणी पुलाशी पार चढलं, ते तोंडी गावभर व्हायचं. आम्ही यंदा फोन न वापरणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची घरं लिहून काढलीत, नऊ निघाली. दोन पोरांना वाटून दिलीत, 39 झालं की त्यांनी जाऊन कडी वाजवायची.