ईजीआरच्या कामासाठी येताना इंजिन लाईट पुसून आणू नये

डिझेल गाडीच्या ईजीआरचे (एक्झॉस्टचा काही वायू पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेचे) काम घेऊन येणारे बरेच ग्राहक येण्यापूर्वीच मोबाईलला जोडायच्या छोट्या स्कॅनरने दोषाचा कोड पुसून, किंवा बॅटरीची तार काढून, इंजिन लाईट घालवून येतात. हेतू चांगला असतो, परंतु त्यात त्यांचाच अर्धा दिवस जातो. दोष आढळतो त्या क्षणी इंजिनचे आरपीएम किती होते, कूलंट किती तापले होते, इंजिनवर लोड किती होता, याची नोंद गाडीचा कॉम्प्युटर कोडबरोबर ठेवतो. या नोंदीला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कोड पुसला की तीही पुसली जाते, आणि कोडचा आकडा चिठ्ठीवर लिहून आणला तरी ती परत मिळत नाही. मग घाटाच्या चढावर येणारा दोष पुन्हा यावा म्हणून आम्हाला गाडी फिरवत बसावे लागते, आणि त्या वेळेचे पैसे बिलात लागतात.

दुसरे असे की, पी ०४०१ हा कोड ईजीआरमधून अपेक्षेपेक्षा कमी वायू जात असल्याचे सांगतो, व्हॉल्व्ह खराब झाल्याचे नव्हे. अनेक इंजिनांत हा प्रवाह इंजिनात येणारी हवा मोजणाऱ्या एअर फ्लो सेन्सरच्या रीडिंगवरून ताडला जातो, त्यामुळे सेन्सर मळला असला किंवा वायूची वाट काजळीने बुजली असली, तरी कोड तोच येतो. एक ग्राहक नवा व्हॉल्व्ह स्वतः विकत घेऊन आले होते. खोलून पाहिले तर जुना व्हॉल्व्ह मोकळा उघडझाप करत होता, आणि मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) ज्या तोंडात एरवी अंगठा सहज जातो, तिथे तेलकट काजळीमुळे करंगळीसुद्धा जात नव्हती. म्हणून आम्ही तपासणीचे वेगळे पैसे घेतो. नको असलेल्या व्हॉल्व्हपेक्षा ते नेहमीच स्वस्त पडतात.

कूलंट कमी होत असेल, बाहेर गळती दिसत नसेल आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत असेल, तर संशय ईजीआर कूलरचा, म्हणजे ईजीआरचा वायू कूलंटने थंड करणाऱ्या भागाचा, घ्यावा. अशी गाडी चालवत न आणता टोइंग करून आणावी. कूलर प्रेशर देऊन तपासल्याशिवाय आम्ही बदलत नाही.

‘पत्रा लावून ईजीआर बंद करून द्या, पीयूसी तर निघते’ असा आग्रहही होतो. पीयूसीत डिझेल गाडीचा फक्त धूर मोजला जातो. जे कमी करण्यासाठी ईजीआर असतो ते नायट्रोजनचे ऑक्साइड तिथे मोजलेच जात नाहीत. डिझेल मोटारींसाठी त्यांची मर्यादा बीएस ४ या प्रदूषणाच्या मानकामध्ये किलोमीटरला २५० मिलिग्रॅम होती, ती १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस ६ मध्ये ८० वर आली आहे. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असे फेरबदल करता येत नाहीत, त्यामुळे हे काम आम्ही करत नाही.

गाडी शक्यतो आदल्या संध्याकाळी आणून सोडावी. तापून तापून जाम झालेल्या बोल्टांना रात्रभर गंज सोडवणारे तेल मुरले की ते तुटत नाहीत, आणि थंड इंजिनवरच कूलंट सुरक्षितपणे काढता येते. गॅस्केट आम्ही प्रत्येक वेळी नवेच बसवतो. व्हॉल्व्ह बदलल्यावर त्याची बंद स्थिती स्कॅनरने कॉम्प्युटरला शिकवावी लागते. बाहेर स्वस्तात बसवलेल्या बऱ्याच व्हॉल्व्हचे हेच राहून गेलेले असते. ग्राहकाने आणलेला पार्टही आम्ही बसवून देतो, मात्र त्यावर हमी फक्त आमच्या मजुरीची असते. काढलेला जुना पार्ट पिशवीत घालून गाडीच्या डिकीत ठेवलेला मिळेल.