नाइन परफेक्ट स्ट्रेंजर्स

ऑस्ट्रेलियन लेखिका लिआन मोरियार्टी यांची २०१८ साली प्रसिद्ध झालेली इंग्रजी कादंबरी. तिची गणना थरारकथांत होते, तरी निम्मे पुस्तक संपेपर्यंत कुणाच्या केसालाही धक्का लागत नाही.

सिडनीपासून काही तासांवर, एकाकी जागी ट्रँक्विलम हाउस हे आरोग्यकेंद्र आहे. तिथे दहा दिवसांच्या शिबिराला नऊ जण येतात. प्रेमकथा लिहिणारी फ्रान्सिस वेल्टी बावन्न वर्षांची आहे. नवे हस्तलिखित साभार परत आलेले, त्यात इंटरनेटवर जुळलेल्या प्रेमात पैसेही बुडालेले. निवृत्त फुटबॉलपटू टोनी, घटस्फोटांचे खटले चालवणारा वकील लार्स, नवऱ्याने टाकलेली कार्मेल आणि लॉटरी लागल्यापासून एकमेकांना पारखे झालेले बेन व जेसिका हे इतर पाहुणे. सर्वांत जड ओझे मार्कोनी कुटुंबाचे आहे. नेपोलियन व हेदर यांच्या मुलाने, म्हणजे झोईच्या जुळ्या भावाने, तीन वर्षांपूर्वी आत्महत्या केलेली आहे. त्या जुळ्यांचा एकविसावा वाढदिवस नेमका शिबिरातच येतो.

केंद्राची चालक माशा मूळची रशियन. पूर्वी ती बड्या कंपनीत अधिकारी होती. कादंबरी उघडते ती तिच्या कार्यालयात, तिचे हृदय बंद पडते त्या प्रसंगाने. तेव्हा मदतीला धावलेला रुग्णवाहिकेतला शिकाऊ कर्मचारी याओ पुढे तिचाच अनुयायी होतो. माशाने नोकरी सोडली, पण साहेबी सुटली नाही. पाहुण्यांचे दुःखही ती ठरल्या मुदतीत निकाली काढायला निघते.

पकड घट्ट होते ती बारीकसारीक गोष्टींतून. आल्याआल्या फोन जमा होतात. बॅगा उचकून फ्रान्सिसने दडवलेला खाऊ काढून घेतला जातो. ती चिडते आणि तरीही राहते. मग पाच दिवसांचे ‘आर्य मौन’ सुरू होते. बौद्ध ध्यानपरंपरेतून घेतलेल्या या नियमात बोलायचे तर नाहीच, नजरेला नजरही द्यायची नाही. ज्यांना एकमेकांशी बोलताच येत नाही, ते आपापल्या शंका पडताळणार कशा? याच काळात रोज प्रत्येकाच्या हाती त्याच्यासाठी खास बनवलेली स्मूदी येते. तीत एलएसडी या भ्रम निर्माण करणाऱ्या अमली पदार्थाचे सूक्ष्म प्रमाण असते, पुढे त्याच जातीचे, अळंबीत सापडणारे सायलोसायबिनही दिले जाते. पेशाने सुईण असलेल्या हेदरला संशय येतो, पण तोवर उशीर झालेला असतो. त्यानंतर पाहुणे ध्यानगृहात कोंडले जातात.

औषध चोरून देणे हा उघड अपराध, पण त्याने काहींना बरे वाटते, ही कथेतली अवघड गाठ लेखिकेने सोडवलेली नाही, आणि ते चांगलेच केले. कोंडल्यानंतरचा भाग मात्र लांबला आहे. माशाचे खेळ एकामागून एक येतात तशी भीती ओसरत जाते. विनोद, विशेषतः फ्रान्सिसचे मनातल्या मनातले बोलणे, शेवटपर्यंत टिकतो.

कादंबरीवरील मालिका २०२१ मध्ये हुलू या अमेरिकी ओटीटी वाहिनीवर आली. निकोल किडमन माशा झाली, मेलिसा मकार्थी फ्रान्सिस. मालिकेत केंद्र कॅलिफोर्नियात दाखवले आहे. चित्रीकरण मात्र ऑस्ट्रेलियातच, बायरन बे परिसरात झाले.