शेजारच्या उठावात उतरावे का? या वादामागचा इतिहास

५ ऑगस्ट २०२४ रोजी ढाक्यात विद्यार्थ्यांच्या आंदोलनापुढे शेख हसीना यांचे सरकार कोसळले. सीमा बंद झाली आणि नाशिकहून निघालेले कांद्याचे ट्रक पलीकडे जाईनात. निर्यातदारांची चिंता साधी होती, माल सडायच्या आत गेट उघडेल का? चहाच्या टपऱ्यांवर मात्र मोठा प्रश्न रंगला, भारताने हात बांधून बसायला हवे होते का? पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये नेपाळच्या तरुणांनी ओली सरकार घालवले तेव्हाही तेच. हा प्रश्न जुना आहे. त्याची उत्तरे तत्त्वाच्या भाषेत दिली गेली असली, तरी ठरली बहुतेक वेळा सोयीने.

गंगापूर रोडवरची आनंदवल्ली एकेकाळी राघोबादादा आणि आनंदीबाईंच्या मुक्कामाचे गाव होते. याच राघोबांनी पेशवाईच्या भांडणात १७७५ साली सुरतेचा तह करून इंग्रजांची फौज मागवली आणि बदल्यात साष्टी-वसई देऊ केली. हा काही जनतेचा उठाव नव्हता, घरातलीच तंटेबाजी होती. तरी बाहेरच्याला आवतण कोण देतो आणि तो काय घेऊन परततो, हे मराठी माणसाला त्यातून चांगले कळायला हवे. सात वर्षांनी सालबाईचा तह झाला. राघोबांना पेन्शन मिळाली, साष्टी इंग्रजांकडेच राहिली.

युरोपात हा वाद जनतेच्या उठावांवरून पेटला. नेपोलियन हरल्यावर ऑस्ट्रिया, रशिया आणि प्रशिया यांनी १८२० मध्ये ठरवून टाकले की कुठेही क्रांती झाली तर ती मोडायचा आपल्याला हक्क आहे. १८२३ मध्ये फ्रेंच फौजेने स्पेनच्या राजाला पुन्हा निरंकुश केले. मग ग्रीकांनी तुर्कांविरुद्ध बंड केले, आणि १८२७ मध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि तोच रशिया यांच्या आरमारांनी नवारिनोला तुर्की-इजिप्शियन ताफा बुडवला. म्हणजे बंड मोडायलाही तेच, वाचवायलाही तेच. १८४९ मध्ये झारने हंगेरीचा उठाव चिरडला, तेव्हा इटलीचा मॅझिनी चिडून लिहिता झाला: हस्तक्षेप नको असे म्हणणारी राष्ट्रे गप्प बसतात आणि जुलमी राजे खुशाल घुसतात. नाशिकच्या मित्रमेळा या सावरकरांच्या क्रांतिकारी संघटनेतल्या तरुणांना पुढे हाच मॅझिनी पूज्य वाटत होता. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये दुसरी बाजू मांडली. जे स्वातंत्र्य लोकांनी स्वतः झगडून मिळवले नाही ते टिकत नाही, म्हणून बाहेरच्याने दूर राहावे. मात्र उठाव चिरडायला परकी फौज आधीच आली असेल, तर तिला अडवणे योग्य. आजही दोन्ही बाजू याच दोन माणसांची उसनवारी करतात.

स्वतंत्र भारताने १९५४ च्या पंचशील करारात दुसऱ्याच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ न करण्याचे वचन दिले. त्याची पहिली परीक्षा दोनच वर्षांत झाली आणि निकाल फार चांगला लागला नाही. १९५६ मध्ये सुएझवर ब्रिटन-फ्रान्स चालून गेले तेव्हा नेहरूंनी लगेच ताशेरे ओढले. त्याच आठवड्यात हंगेरीतला उठाव मोडायला रशियन रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले, तेव्हा भारत संयुक्त राष्ट्रांत आधी तटस्थ राहिला आणि ९ नोव्हेंबरला तर रशियन सैन्य मागे घ्या, हंगेरीत मुक्त निवडणुका घ्या, असे म्हणणाऱ्या ठरावाविरुद्ध मत देऊन बसला. जयप्रकाश नारायणांनी जाहीर टीका केली. सुमारे दोन लाख हंगेरियन देश सोडून गेले.

मग आले १९७१. या चर्चेत भारताची सर्वात भक्कम बाजू हीच. २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी सैन्याने ढाक्यात कत्तल सुरू केली, ३१ मार्चला संसदेने पूर्व बंगालच्या जनतेला पाठिंब्याचा ठराव केला. उघडपणे मात्र भारत आठ महिने युद्धात उतरला नाही. मुक्तिवाहिनीला प्रशिक्षण आणि शस्त्रे मिळत राहिली, सुमारे एक कोटी निर्वासित आले. त्यांच्या खर्चासाठी अर्थमंत्री यशवंतराव चव्हाणांच्या काळात (१९६३ मध्ये हेच नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध गेले होते) १५ नोव्हेंबरपासून टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट लावणे सक्तीचे झाले. त्या तिकिटावर ‘शरणार्थी सहायता’ छापलेले असे आणि ते नाशिकरोडच्या प्रेसमधून निघे. हस्तक्षेपाचे बिल सामान्य माणसाच्या हातात इतके थेट क्वचितच पडते.

३ डिसेंबरला पाकिस्तानने भारतीय विमानतळांवर हल्ले केले, तेव्हा उघड युद्धाला कारण मिळाले. तरीही ७ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युद्धबंदी आणि सैन्यमाघारीच्या बाजूने १०४ मते पडली, विरोधात फक्त ११. आज ज्याला आपण आदर्श हस्तक्षेप म्हणतो, तो त्या दिवशी जगातल्या बहुसंख्य देशांना मान्य नव्हता. माझ्या मते भारताची खरी बाजू सिद्ध झाली ती नंतर. १६ डिसेंबरला शरणागती झाली आणि १२ मार्च १९७२ ला भारतीय तुकड्या ढाक्यात निरोपाचे संचलन करून परतल्या. तीन महिने पुरे झाले नव्हते. त्याच मार्चमध्ये बांगलादेशाच्या ‘टाका’ या चलनाच्या पहिल्या नोटा आल्या. त्याही नाशिकच्याच छापखान्यातल्या. भारताने गुपचूप जादा नोटा छापल्याच्या अफवा तिकडे उठल्या, आणि पुढे त्या नोटा मागे घेतल्या गेल्या. उपकारावरही संशय इतक्या लवकर येतो.

श्रीलंकेत उलटे झाले. जुलै १९८७ च्या करारानंतर भारताची शांतिसेना गेली ती तमिळांना न्याय मिळवून द्यायला, आणि काही महिन्यांत तमिळ वाघांशीच लढू लागली. अकराशेहून अधिक जवान गेले. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली तेव्हा सिंहली आणि तमिळ, दोघेही तिला कंटाळले होते.

२००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शिखर परिषदेत सर्व देशांनी मान्य केले की सरकारच आपल्या लोकांचा संहार करत असेल, तर सुरक्षा परिषदेमार्फत जगाने पाऊल उचलावे. लीबियात ते तत्त्व वापरले गेले. १७ मार्च २०११ च्या ठरावावर भारत तटस्थ राहिला, चीन, रशिया, जर्मनी आणि ब्राझीलसोबत. बंडखोरांच्या बेनगाझी शहरातल्या लोकांना वाचवण्याची परवानगी होती, नाटोची विमाने हुकूमशहा गद्दाफी पडेपर्यंत थांबली नाहीत. त्यानंतर देशात दोन-दोन सरकारे झाली. पुढे सीरियावर ठराव आले तेव्हा रशिया आणि चीनने नकाराधिकार वापरताना लीबियाचाच दाखला दिला.

फौजेशिवायही हस्तक्षेप होतो, आणि आपल्या भागात तोच जास्त झाला आहे. नोव्हेंबर १९५० मध्ये नेपाळचे राजे त्रिभुवन काठमांडूच्या भारतीय वकिलातीत आश्रयाला आले. दिल्लीने त्यांना थारा दिला आणि राजाच्या नावावर कारभार करणाऱ्या राणा घराण्याची शंभर वर्षांची सत्ता उठावापुढे तीन महिन्यांत मोडली. २०१५ मध्ये नवी राज्यघटना आल्यावर सीमेवर माल अडला, तेव्हा मात्र त्याच नेपाळने भारतावर नाकेबंदीचा ठपका ठेवला. भारताने तो नाकारला, पण गॅस सिलिंडरसाठी रांगेत उभ्या राहिलेल्या पिढीला खुलाशाशी देणेघेणे नव्हते.

भारताने हसीना यांना दिलेला आसराही आता याच यादीत मोजला जातो. दिल्लीच्या लेखी तो पाहुणचार आहे. ढाक्यातल्या आंदोलकांच्या लेखी तो पडलेल्या सरकारची बाजू घेणे आहे. डिसेंबर २०२४ मध्ये बांगलादेशाने त्यांना परत मागितले, नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने त्यांच्या गैरहजेरीत फाशी सुनावली, आणि मागणी पुन्हा झाली. १९५० मध्ये वकिलातीचे दार उघडले तेव्हा भारत उठावाच्या बाजूने उभा होता. या वेळी तेच दार उठावाने हाकललेल्यांसाठी उघडले आहे.