पळस: बिनवासाच्या फुलाची पार्श्वभूमी

माघ सरता सरता पळसाची पानं गळतात आणि वेड्यावाकड्या, ओक्याबोक्या फांद्यांवर काळपट मखमली कळ्यांचे घोस दिसू लागतात. केशरी रंग फुटतो तो त्यानंतर. फूल हातात घेऊन पाहिलं तर खालच्या पाकळ्या जुळून बाकदार चोच झालेली असते. 'किंशुक' हे संस्कृत नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात: 'किं शुकः?', म्हणजे हा पोपट तर नव्हे?

सुभाषितकारांनी मात्र या फुलाला टोमण्यासाठी वापरलं. रूप आहे, कुळ आहे, पण विद्या नाही, असा माणूस म्हणजे निर्गंध किंशुक! हा पळसावर अन्यायच. त्याचं परागीभवन बरंचसं मैना, सूर्यपक्षी यांच्यासारख्या पक्ष्यांकडून होतं. ते येतात रंग बघून, मधासाठी. वासाशी त्यांना काय देणंघेणं?

माणसानंही या झाडाचं काही वाया जाऊ दिलं नाही. पानांच्या पत्रावळी नि द्रोण, पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकायला पानंच, मुंजीत बटूच्या हाती पळसाचा दंड, होमाला समिधा, जंतांवर बिया, डिंकाचा कमरकस. लाखेचे किडेही याच्या फांद्यांवर पोसतात. बंगालमधल्या पलाशी गावाचं नावही पळसावरून आलेलं. २३ जून १७५७ रोजी तिथं लढाई झाली आणि इंग्रजांनी गावाचं 'प्लासी' करून टाकलं.

पण फुलाचा खरा इतिहास रंगाचा. वाळवलेली फुलं रात्रभर भिजत घातली किंवा उकळली की पाणी पिवळंधमक होतं. चिमूटभर चुना पडला की ते केशरीकडे झुकतं. तुरटी लावलेल्या कापडावर हा रंग चढतो, पण उन्हात विटतो. रंगाऱ्याच्या दृष्टीनं हा मोठाच दोष. होळी-रंगपंचमीला मात्र हाच दोष पथ्यावर पडला, कारण खेळायला हवा असतो तो सहज निघून जाणारा रंग. विदर्भात तर उन्हाळ्यात मुलांना पळसफुलांच्या पाण्यानं आंघोळ घालायची पद्धत आहे; त्यानं ऊन बाधत नाही असं मानतात.

१८५६ मध्ये विल्यम पर्किननं कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग बनवला. कृत्रिम रंगांचा धंदा तिथून वाढत गेला आणि पुढं स्वस्त पुड्यांनी फुलांचं भिजवण मागं टाकलं. आता नैसर्गिक रंगांची हौस परतली आहे, तेव्हा एवढंच: फुलं खाली पडलेलीच वेचावीत. झाडावरची ओरबाडली तर शेंगा धरायच्या कशा? आणि शेंगेत बी असतं एकच, अगदी टोकाला. शास्त्रीय नावातल्या 'मोनोस्पर्मा'चा अर्थही तोच, एकबीजी.