जमातींचे कॅसिनो आणि व्यावसायिक कॅसिनो (अमेरिका)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जमिनीवरच्या कॅसिनोंचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. राज्याच्या परवान्यावर कंपन्या चालवतात ते व्यावसायिक, आणि मूलनिवासी जमाती आपल्या राखीव भूमीवर चालवतात ते जमातींचे. आत शिरणाऱ्याला फरक सहसा जाणवत नाही. पत्ते तेच, रोषणाई तीच. फरक आहे तो सत्ता कोणाची यात. व्यावसायिक कॅसिनोवर राज्याची हुकमत चालते. जमात स्वतःच एक सरकार असल्याने तिच्याशी राज्याला करार करावा लागतो.

आपल्याकडच्या ‘अनुसूचित जमाती’ या शब्दावरून इथे गल्लत होते. अमेरिकेतील संघराज्यमान्य जमातींना स्वतःचे कायदे, न्यायालये व पोलीस ठेवण्याचा हक्क आहे. तो कुणी सवलत म्हणून दिलेला नाही; त्यांच्या मूळच्या, आता बऱ्याच आक्रसलेल्या, सार्वभौमत्वाचा तो उरलेला भाग आहे.

व्यावसायिक बाजूचा नमुना म्हणजे नेवाडा. तिथे १९३१ मध्ये जुगार कायदेशीर झाला, नियंत्रण मंडळ १९५५ मध्ये आले आणि परवाने देणारा आयोग १९५९ मध्ये. अर्जदाराच्या पैशाचा उगम, भागीदार, जुने धंदे सगळे खणून काढले जाते, आणि त्या चौकशीचा खर्चही अर्जदारानेच सोसायचा असतो. जुगारातून येणाऱ्या ढोबळ उत्पन्नावर कराचा वरचा दर ६.७५ टक्के आहे; न्यू जर्सीत अटलांटिक सिटीच्या कॅसिनोंवर तो ८ टक्के आहे. स्लॉट मशीनने, म्हणजे पैसे टाकून चाके फिरवायच्या यंत्राने, लावलेल्या पैशांपैकी दीर्घकाळात किमान किती परत द्यावे हेही ठरलेले असते: नेवाडात ७५ टक्के, न्यू जर्सीत ८३. (गोव्यात मांडवीवरची जहाजे याच जातीची: राज्याचा परवाना, राज्याचे शुल्क.)

जमातींची कथा एका किरकोळ करापासून सुरू होते. मिनेसोटातील एका मूलनिवासी कुटुंबाला त्यांच्या फिरत्या घरावर १४७.९५ डॉलरचा कर आला. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७६ मध्ये निकाल लागला की राखीव भूमीवरील मूलनिवासींवर राज्याला असा कर लादता येत नाही. हाच तर्क पुढे जुगारालाही लागू झाला. १९७९ मध्ये फ्लोरिडातील सेमिनोल जमातीने मोठ्या बक्षिसांचा बिंगो, म्हणजे आपल्या हाऊजीचा भाऊबंद, सुरू केला. मग आला १९८७ चा कॅबझॉन खटला. कॅबझॉन ही कॅलिफोर्नियातील जमात जेमतेम २५ नोंदणीकृत सदस्यांची. राज्य स्वतः लॉटरी चालवते, बिंगोला मुभा देते. तेव्हा जुगार हा तिथे गुन्हा नसून नियमनाचा विषय आहे, आणि राज्याचे नियमन जमातीच्या भूमीवर चालत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

राज्ये हादरली. त्यातून १९८८ चा इंडियन गेमिंग नियामक कायदा आला. त्याने खेळांचे तीन वर्ग केले. पारंपरिक, विधींशी निगडित खेळ पहिल्या वर्गात. ते सर्वस्वी जमातीच्या अखत्यारीत. दुसऱ्यात बिंगो आणि खेळाडूंनी आपसात खेळायचे पत्ते. यांवर जमात व केंद्राचा राष्ट्रीय इंडियन गेमिंग आयोग लक्ष ठेवतात. स्लॉट, रूलेट (फिरत्या चाकाचा खेळ), ब्लॅकजॅक (कॅसिनोविरुद्ध खेळायचे पत्ते) हे तिसऱ्या वर्गात, आणि त्यांसाठी राज्याशी करार हवाच. रोजची देखरेख मात्र बहुतेक ठिकाणी जमातीचाच गेमिंग आयोग करतो. मालक आणि नियंत्रक एकाच घरातले, हा आक्षेप इथूनच येतो. तो अगदी पोकळ नाही, पण लॉटरी चालवणारे राज्यही तेच करत असते.

वर्गांच्या या भिंतींतून मजेशीर यंत्रे जन्मली. काही कॅसिनोंतील ‘स्लॉट’ दिसायला अस्सल, पण पडद्याच्या कोपऱ्यात बिंगोचे एक चिमुकले कार्ड असते. निकाल खरा त्या बिंगोचा. फिरणारी चाके नुसता देखावा. इतर यंत्रांवरचे खेळाडू प्रतिस्पर्धी म्हणून जोडलेले असतात, म्हणून हे यंत्र दुसऱ्या वर्गात बसते आणि कराराची गरज उरत नाही. कॅलिफोर्नियात फाशांनी थेट निकाल लावायला बंदी, म्हणून तिथे क्रॅप्स या एरवी फाशांच्या खेळात निकाल पत्त्यांवरून लागतो.

पैशाचे गणितही वेगळे. राज्य जमातीच्या कॅसिनोवर कर लावू शकत नाही. काही मोलाचे दिले तरच वाटा मागू शकते. कनेटिकटमध्ये दोन जमातींनी स्लॉटच्या उत्पन्नाचा २५ टक्के वाटा कबूल केला, तो मक्तेदारीच्या बदल्यात. निव्वळ नफा कुठे खर्चायचा हेही केंद्राचा कायदा सांगतो: जमातीचा कारभार, सदस्यांचे कल्याण, आर्थिक विकास, धर्मादाय, स्थानिक प्रशासनाला मदत. सदस्यांना माणशी रक्कम वाटायची तर त्या वाटपाच्या योजनेला केंद्राच्या अंतर्गत व्यवहार खात्याची (डिपार्टमेंट ऑफ द इंटिरियर) मंजुरी लागते. खासगी कंपनीच्या भागधारकांवर असले कुठलेही बंधन नसते.

ग्राहकाला फरक कळतो तो तक्रार घेऊन गेल्यावर. जमातीला सार्वभौम संरक्षण असल्याने तिच्या संमतीशिवाय दावा लावता येत नाही. बऱ्याच करारांत घसरून पडणे वगैरे दुखापतींपुरती ही ढाल बाजूला ठेवलेली असते, तीही अनेकदा जमातीच्याच न्यायालयापुरती. राज्याची धूम्रपानबंदी तिथे आपोआप लागू होत नाही. काही ठिकाणी १८ वर्षांचा मुलगाही खेळू शकतो, तर नेवाडात २१ पूर्ण लागतात.

ही विभागणी जागेवर आणि मालकीवर ठरते, म्हणूनच सॅन मॅन्युएल जमातीचे उदाहरण बोलके आहे. कॅलिफोर्नियात आपल्या भूमीवर ती स्वतः नियंत्रक आहे. २०२१ मध्ये तिने लास व्हेगासमधील पाम्स कॅसिनो विकत घेतला, तेव्हा मात्र तिला इतर कुठल्याही अर्जदारासारखे नेवाडाच्या आयोगापुढे परवान्यासाठी उभे राहावे लागले.