पालिका कामगाराचा मालक कोण? मुंबईतल्या वाटाघाटींची पार्श्वभूमी

गिरणी कामगाराला भांडायचे कोणाशी हे तरी ठाऊक असायचे. गिरणीच्या दारावर मालकाचे नाव असे. मुंबई महापालिकेच्या कामगाराचे तसे नाही. युनियनचे मागणीपत्र आयुक्तांच्या दालनात जाते. आयुक्त हे राज्य सरकारने नेमलेले सनदी अधिकारी. पैशाची मोठी बाब निघाली की ते स्थायी समितीकडे बोट दाखवतात. धोरणाचा प्रश्न असला तर सभागृहाचा ठराव लागतो. वेतन आयोग किंवा पेन्शन असेल तर मंत्रालयाची मान्यता हवी. पालिकेचे प्रमुख कामगार अधिकारी बोलणी करतात, इतिवृत्त लिहितात, आकडे मांडतात. पण अखेरचा शब्द त्यांच्या हातात नसतो. या शहरातल्या पालिका कामगारांच्या चळवळीचा इतिहास वाचताना मला वारंवार असे वाटते की त्यातली निम्मी ताकद पगारासाठी खर्च झाली आणि उरलेली निम्मी, समोर बसलेला माणूस खरोखरच मालक आहे का, हे ठरवण्यात.

ही रचना १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यातली. निवडून आलेले सभागृह एकीकडे आणि कार्यकारी अधिकार हातात असलेला, सरकारने नेमलेला आयुक्त दुसरीकडे. नाव बदलले, दुरुस्त्या झाल्या, पण हा सांगाडा आजही तोच आहे. शहराच्या झाडलोटीचे, शौचकूप साफ करण्याचे आणि मैला वाहण्याचे काम तेव्हा ज्यांच्या माथी होते ती माणसे महाराष्ट्राच्या खेड्यांतून आणि गुजरात-काठियावाडातून आलेली, जवळजवळ सगळी अस्पृश्य मानलेल्या जातींतली. त्यांच्याशी वाटाघाट करावी हा विचारच त्या काळच्या कारभाऱ्यांना शिवला नव्हता. ब्रिटिश काळातल्या कित्येक नगरपालिका कायद्यांत सफाई कामगाराने सूचना न देता काम सोडले तर तो गुन्हा ठरे. इतर नोकर कामावर आला नाही तर त्याचा पगार जाई. सफाई कामगार आला नाही तर तो तुरुंगात जाऊ शके.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५ मध्ये मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ उभा केला, तो या पार्श्वभूमीवर. बाबासाहेबांचे कामगारकार्य म्हटले की बहुतेकांना व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातली १९४२ ते १९४६ ही वर्षे आठवतात. पण पालिकेच्या झाडूवाल्यांची युनियन त्याआधीची आहे आणि तिचे महत्त्व मला अधिक वाटते. जातीने लादलेले काम करणारा माणूस इथे पहिल्यांदा पगार, रजा आणि घर यांबद्दल करार मागणारा कामगार म्हणून उभा राहिला. १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात औद्योगिक कलहाचे विधेयक आले. सक्तीची तडजोड प्रक्रिया आणि तिच्या बाहेर केलेल्या संपाला शिक्षा, असे त्याचे स्वरूप होते. बाबासाहेबांनी त्याला कडाडून विरोध केला. आपल्या मनाविरुद्ध काम करायला कायद्याने भाग पाडणे म्हणजे गुलामगिरी, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्टांनी मिळून एक दिवसाचा संप केला. विधेयक तरीही मंजूर झाले.

दुसरी बाजूही नोंदवायला हवी. १९४६ मध्ये मुंबईत सफाई कामगारांचा संप झाला तेव्हा गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये लिहिले की काही कामे अशी असतात जिथे संप चुकीचा ठरतो आणि सफाई त्यांतली एक आहे. कामगारांच्या तक्रारी खऱ्या आहेत हे त्यांना मान्य होते. पण शहराच्या आरोग्याचा भार अखेर ज्याच्याकडे सर्वांत कमी आहे त्यानेच उचलायचा, असा त्या भूमिकेचा अर्थ निघतो. पुढे ‘अत्यावश्यक सेवा’ म्हणून आलेल्या प्रत्येक कायद्यात हाच युक्तिवाद आहे, म्हणून त्याकडे डोळेझाक करता येत नाही.

१९४८ मध्ये पालिकेची निवडणूक प्रौढ मताधिकाराने झाली आणि एक नवीच गोष्ट घडली. कामगार आपल्या मालकाचा मतदार झाला. युनियनचा पुढारी सभागृहात जाऊन बसू लागला. जॉर्ज फर्नांडिस हे याचे ठळक उदाहरण. म्युनिसिपल मजदूर युनियनचे नेतृत्व करतानाच १९६१ ते १९६८ या काळात ते मुंबई महापालिकेचे सदस्यही होते. १९६७ मध्ये दक्षिण मुंबईतून त्यांनी स. का. पाटलांना हरवले. पाटील हे १९४९ ते १९५२ या काळात शहराचे महापौर राहिलेले. पुढे म्युनिसिपल मजदूर युनियनची धुरा शरद राव यांच्याकडे आली आणि २०१६ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत पालिका, बेस्ट आणि रिक्षा या तिन्ही क्षेत्रांत त्यांचा शब्द चालत असे. सत्ताधारी पक्षाची स्वतःची युनियन हा प्रकारही याच शहरात रुजला. शिवसेनेची पालिकेत सत्ता होती आणि पालिकेत, बेस्टमध्ये तिच्याच कामगार सेना. टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकाच पक्षाची माणसे बसली की कामगाराला कधी झटपट न्याय मिळतो, आणि कधी त्याचे भांडण परस्पर मिटवले जाते. दोन्ही अनुभव मुंबईने घेतले आहेत.

कायद्याच्या अंगाने मात्र मूळ प्रश्न अजून सुटायचाच होता. महापालिका हा ‘उद्योग’ आहे का? नसेल तर औद्योगिक विवाद कायदा, १९४७ लागू नाही, मग तडजोड अधिकारी नाही, औद्योगिक न्यायाधिकरण नाही, आणि करार मोडला तर दाद मागायला जागा नाही. याचे पहिले उत्तर मुंबईबाहेरून आले. बंगालमधल्या बजबज नगरपालिकेने दोन कर्मचाऱ्यांना काढून टाकले होते. त्या खटल्यात १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नगरपालिका आणि तिचे कर्मचारी यांच्यातला वाद औद्योगिक विवाद असू शकतो. १९६० मध्ये नागपूर महापालिकेच्या खटल्यात तर न्यायालयाने एकेक खाते तपासले. कर, अग्निशमन, आरोग्य, शिक्षण, दिवाबत्ती, पाणीपुरवठा असे करत बहुतेक खाती उद्योगाच्या व्याख्येत बसवली. राज्यसत्तेची म्हणून जी थोडी कामे आहेत ती सोडली, तर पालिका लोकांना सेवा पुरवते आणि त्यासाठी पद्धतशीरपणे माणसे राबवते, असे त्या निकालाचे म्हणणे. १९७८ च्या बंगळूर पाणीपुरवठा निकालाने ही व्याख्या आणखी रुंद केली. ती इतकी रुंद असावी का, हा प्रश्न २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला गेला.

महाराष्ट्राने यात स्वतःची भर घातली. १९७१ चा मान्यताप्राप्त युनियन आणि अनुचित कामगार प्रथाविषयक कायदा, ज्याला युनियनच्या ऑफिसात आजही सगळे ‘एमआरटीयू’ म्हणतात, १९७५ मध्ये अंमलात आला. ३० टक्के सभासद असलेल्या युनियनला मान्यतेसाठी अर्ज करता येऊ लागला. माणसाला वर्षानुवर्षे बदली, हंगामी किंवा तात्पुरते ठेवून कायम कामगाराचे हक्क नाकारणे ही ‘अनुचित प्रथा’ ठरली. या एका तरतुदीने किती घरांत चूल पेटती ठेवली असेल! २००६ च्या उमादेवी निकालानंतर मागच्या दाराने आलेल्या सरकारी नोकरांना कायम करता येणार नाही, असे देशभर सांगितले जाऊ लागले, तेव्हाही २००९ मध्ये एसटी महामंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की अनुचित प्रथा सिद्ध झाली तर या कायद्याखाली कामगार कायम करण्याचा औद्योगिक न्यायालयाचा अधिकार शाबूत आहे.

दिवाळीच्या रकमेचा दरवर्षीचा तमाशाही कायद्यातूनच आलेला आहे. १९६५ च्या बोनस कायद्यातून स्थानिक स्वराज्य संस्था वगळल्या होत्या. म्हणून पालिका कर्मचाऱ्याला मिळते ते सानुग्रह अनुदान, म्हणजे मालकाच्या मर्जीवरचे. २०२३ मध्ये ते २६,००० रुपये होते, २०२४ मध्ये २९,०००. हक्क नसल्यामुळे ते दरवर्षी नव्याने मागावे लागते, आणि घोषणा करायला महापौर किंवा मुख्यमंत्री पुढे येतात.

या साऱ्या इतिहासातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी लढाई कंत्राटी सफाई कामगारांची आहे. १९९० च्या दशकात कचरा वाहतुकीचे काम कंत्राटदारांकडे गेले. गाडी कंत्राटदाराची, पण कचरा पालिकेचा, रस्ता पालिकेचा, हजेरी चौकी पालिकेची आणि काम दाखवणारा मुकादमही पालिकेचा. कंत्राटी कामगार कायदा, १९७० वीस किंवा अधिक कामगारांना लागू होत असे. म्हणून कामाचे तुकडे वीसपेक्षा कमी माणसांचे पाडले गेले. ‘हैदराबाद पॅटर्न’ या नावाखाली तर संस्थांना काम देऊन झाडणाऱ्यांना ‘स्वयंसेवक’ ठरवण्यात आले आणि त्यांच्या मजुरीला मानधन. स्वयंसेवकाला किमान वेतन नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, आणि अर्थातच मालकही नाही.

१९९७ मध्ये स्थापन झालेल्या कचरा वाहतूक श्रमिक संघाने, मिलिंद रानडे यांच्या नेतृत्वाखाली, नेमक्या याच जागी बोट ठेवले. काम सोपे नव्हते. २००१ च्या स्टील अथॉरिटी निकालाने, कंत्राटी पद्धत बंद झाली तरी कामगार आपोआप मूळ मालकाकडे जात नाही, असे ठरवले होते. कंत्राट हा निव्वळ देखावा आहे हे कामगारांनी पुराव्यानिशी सिद्ध करायचे होते. ज्यांच्याकडे हजेरीचा साधा कागद नाही त्यांनी! मस्टरच्या नोंदी आणि गाड्यांच्या फेऱ्या जमवत ही लढाई उभी राहिली. २०१४ मध्ये औद्योगिक न्यायाधिकरणाने २,७०० कामगारांच्या बाजूने निवाडा दिला. पालिका उच्च न्यायालयात गेली, हरली. सर्वोच्च न्यायालयात गेली आणि ७ एप्रिल २०१७ रोजी तिथेही हरली. त्यानंतरही अनेकांना लगेच कायमपद मिळाले नाही, कारण यादीतल्या नावाचे स्पेलिंग आणि कागदपत्रांवरचे स्पेलिंग जुळत नव्हते. कंत्राटदाराच्या माणसाने जसे ऐकू आले तसे लिहिलेले नाव वर्षानुवर्षांच्या नोकरीपेक्षा वजनदार ठरले. देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका आपल्या सर्वांत गरीब माणसांविरुद्ध शेवटच्या न्यायालयापर्यंत लढली, याची मला चीड येते आणि ती लपवण्याचे कारण दिसत नाही.

बेस्टचा २०१९ चा संप याच प्रश्नाचे दुसरे रूप. ७ ऑगस्ट १९४७ रोजी पालिकेने ताब्यात घेतलेला हा उपक्रम, त्याला स्वतःची समिती, स्वतःचा महाव्यवस्थापक आणि स्वतःचा ‘क’ अर्थसंकल्प. विजेच्या नफ्यातून बसचा तोटा भरण्याची वाट बंद होत गेली तसा तोटा उघडा पडला. कामगारांची मुख्य मागणी अशी की बेस्टचा ‘क’ अर्थसंकल्प पालिकेच्या ‘अ’ अर्थसंकल्पात विलीन करा. म्हणजेच, ज्याच्याकडे पैसा आहे त्याने मालक म्हणून समोर यावे. ८ जानेवारीपासून सुमारे ३२,००० कामगार संपावर गेले. अत्यावश्यक सेवांतला संप रोखणारा मेस्मा कायदा लावला गेला, वसाहतींतली घरे रिकामी करण्याच्या नोटिसा निघाल्या, तेव्हा बायकामुले रस्त्यावर आली. पालिकेच्या घरात राहणाऱ्याला नोकरीबरोबर छपरही गमवावे लागते, ही टांगती तलवार जुनीच आहे. निवृत्तीनंतर मालकी हक्काचे घर ही सफाई कामगारांची मागणी तिच्यातूनच आली. शिवसेनेच्या युनियनने आधी पाठिंबा दिला आणि मग काढून घेतला. अखेर उच्च न्यायालयात तोडगा निघाला. वेतनवाढीचे दहा टप्पे लगेच द्यायचे आणि बाकी मागण्यांसाठी निवृत्त न्यायमूर्ती एफ. आय. रिबेलो मध्यस्थ. नवव्या दिवशी, १६ जानेवारीला, संप मिटला. त्याच वर्षी जूनमधल्या करारात बेस्टच्या मालकीच्या ३,३३७ बस कायम राखण्याचे लिहून दिले गेले. पुढे भाडेतत्त्वावरच्या बस वाढल्या, स्वतःच्या घटत गेल्या, आणि त्या बस चालवणारे चालक पुन्हा कंत्राटदाराचे.

मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत पालिकेत प्रशासक राहिले. त्या काळात स्थायी समिती, सभागृह आणि आयुक्त ही तिन्ही दारे एकाच माणसाच्या दालनात उघडत होती. वाटाघाटी त्यामुळे सोप्या झाल्या असे मात्र कोणत्याही युनियनच्या कार्यकर्त्याने म्हटलेले माझ्या ऐकिवात नाही. निर्णय मंत्रालयात सरकला एवढेच.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राची औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. संपाची आगाऊ सूचना पूर्वी लोकोपयोगी सेवांपुरती बंधनकारक होती, ती आता सगळ्याच आस्थापनांना आहे. वाटाघाटींचा एकमेव हक्क मिळवायला युनियनकडे ५१ टक्के कामगार हवेत. तेवढे कोणाकडेच नसतील तर २० टक्के आणि त्याहून अधिक सभासद असलेल्या युनियनची मिळून वाटाघाटी परिषद. ही टक्केवारी मोजायची ती आस्थापनेच्या मस्टरवर नाव असलेल्या कामगारांमधून. हजेरी चौकीत रोज सकाळी उभा राहणारा कंत्राटी कामगार पालिकेच्या मस्टरवर नाही. त्याच्या वतीने कोण बोलणार, हे ठरवताना त्याची मोजणी होणार नाही.