यकृताची किटली

कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर, मिशीला धारोष्ण दुधाचा फेस तसाच ठेवून माझा तालमीतला मित्र परवा म्हणाला, "भावा, डॉक्टरनं स्टॅटिनची गोळी दिलीया. रक्तातलं कोलेस्टेरॉल विरघळवती व्हय ती?"

विरघळवत काही नाही. ही गोळी यकृताच्या पेशीत होणारी कोलेस्टेरॉलची घरगुती निर्मिती अडवते. घरात टंचाई झाली की पेशी बाहेरचा माल उचलायला स्वतःच्या अंगावर एलडीएल, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहणारे कण, धरणारे रिसेप्टर, म्हणजे ग्राही, वाढवते. रक्तातलं एलडीएल उतरतं ते त्यामुळे.

हा ग्राही म्हणजे गवळ्याची किटलीच. भरून जाते, रिती होते, परत येते. एलडीएलचा कण धरलेले ग्राही पेशीच्या आवरणातल्या खळग्यांत जमतात. खळग्याला आतून क्लॅथ्रिन या प्रथिनाची जाळी असते, पंचकोन आणि षटकोनांची. फुटबॉलवेड्या कोल्हापूरकराला ती वेगळी समजावायला नको. खळगा आत खुडला जाऊन इवलीशी पिशवी होते. पिशवीत आंबटपणा वाढला की ग्राही दुमडतो, कण सोडतो आणि पुन्हा पृष्ठभागावर हजर. एक फेरी साधारण 10 मिनिटांची, आयुष्य सुमारे 20 तासांचं. करा हिशोब!

हे उलगडणाऱ्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांना 1985 चं नोबेल मिळालं. त्यांच्या कामातला मला सर्वांत आवडणारा भाग एका रुग्णाचा. त्याच्या पेशींवर ग्राही होते, एलडीएल त्यांना चिकटतही होतं, पण आत काही जाईना. ग्राही खळग्यात जमतच नव्हते. ग्राही म्हणजे 839 अमिनो आम्लांची साखळी; तिच्यात, शेपटाकडचं एकच बदललं होतं: टायरोसिनच्या जागी सिस्टीन.

किटली भंगारात घालणाराही एक आहे, पीसीएसके9 नावाचं प्रथिन. ते बाहेरूनच ग्राहीला चिकटून आत येतं, आणि आंबटपणात त्याची पकड आणखी घट्ट होते. मग ग्राहीला दुमडता येत नाही. परतायच्या ऐवजी तो लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या मोडीत काढायच्या पिशवीत, जाऊन नष्ट होतो. काही फ्रेंच कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या एलडीएल भरमसाट का, याचं उत्तर 2003 मध्ये याच प्रथिनाच्या जनुकात सापडलं. आता त्याला अडवणारी इंजेक्शनं मिळतात.

गंमत पुढेच आहे. टंचाईत जे बटण ग्राही वाढवतं, तेच पीसीएसके9 सुद्धा वाढवतं. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तरी एलडीएल आणखी जेमतेम 6 टक्के उतरतं, त्याचं एक कारण हेच मानलं जातं.

"म्हंजे एका हातानं द्यायचं, दुसऱ्यानं काढायचं," मित्र म्हणाला, आणि मिशी पुसली.